जागेवर मिटवण्याआधी

चौकात दुचाकीला टेम्पोची धडक बसते, माणूस खाली पडतो, गर्दी जमते आणि कुणीतरी जाणता पुढे होऊन सांगतो, ‘‘पोलिसांच्या भानगडीत कशाला पडता दादा? जागेवरच मिटवून टाका.’’ टेम्पोवाला खिशातून दोन-पाच हजार काढतो, जखमीचा भाऊ ते घेतो, सगळे आपापल्या वाटेने जातात. पायाचं हाड मोडलंय हे संध्याकाळी एक्स-रे काढल्यावर कळतं. रॉड टाकावा लागतो, महिनोन्‌महिने काम बंद होतं. तोवर टेम्पोचा नंबर कुणाच्या लक्षात नसतो, आणि पैसे घेऊन विषय संपवल्याचं सगळ्या चौकाने पाहिलेलं असतं.

हे आपल्याकडे इतक्या सर्रास होतं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण त्या टेम्पोचा थर्ड पार्टी विमा नेमका याच प्रसंगासाठी काढलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनाला तो सक्तीचा केला आहे. मालक दरवर्षी त्याचा हप्ता भरतो तो स्वतःच्या गाडीसाठी नव्हे, तर त्या गाडीमुळे ज्याला इजा होईल त्याच्यासाठी. शारीरिक इजा किंवा मृत्यू असेल तर कंपनीची जबाबदारी ठरावीक आकड्यावर थांबत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती द्यावी लागते. टेम्पोवाला गरीब असो की श्रीमंत, त्याच्या खिशाचा इथे संबंध नसतो. त्याच्यावर दया येऊन तक्रार न करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या मनाचा मोठेपणा खराच, पण त्याचा फायदा टेम्पोवाल्यापेक्षा विमा कंपनीलाच जास्त होतो.

आपल्या स्वतःच्या गाडीच्या विम्याबद्दलचे गैरसमज तर याहून मोठे आहेत. ‘‘माझा फुल इन्शुरन्स आहे’’ असं म्हणणाऱ्याला बहुधा वाटत असतं की गाडीबरोबर आपणही त्यात आलो. त्यातला ‘ओन डॅमेज’चा भाग गाडीच्या पत्र्याचा असतो. चालवणाऱ्या मालकासाठी ‘पर्सनल अ‍ॅक्सिडेंट’ नावाचं वेगळं संरक्षण असतं. २०१८ पासून ते १५ लाख रुपयांचं आहे आणि त्यासाठी वैध लायसन्स लागतं. मृत्यू किंवा कायमचं मोठं अपंगत्व आलं तरच ते मिळतं; साध्या फ्रॅक्चरला त्यातून काही येत नाही. गाडी घसरून आपणच झाडावर आदळलो, दुसरं वाहन नव्हतंच, तर भरपाई मागायची कुणाकडे? अशा वेळी हे संरक्षण, आपली मेडिक्लेम आणि बँकेतली २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना एवढाच आधार उरतो. या शेवटच्या योजनेत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख मिळतात. वय १८ ते ७० असलं की पुरे. दर १ जूनच्या सुमारास खात्यातून २० रुपये वजा होतात. खात्यात तेवढेही नसले की संरक्षण तुटतं. घरातल्या प्रत्येकाच्या पासबुकात ही नोंद आहे का, हे आजच बघून घ्यावं.

मागे बसणाऱ्याचं काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. समोरच्या वाहनाची चूक असेल तर पाठीमागची बायको, मुलगा, मित्र यांना त्या वाहनाच्या विम्यातून भरपाई मिळते. चूक आपल्याच चालकाची असेल आणि आपली पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची, म्हणजे सगळ्यात स्वस्तातली असेल, तर मागे बसलेल्याला विमा कंपनी सहसा नाही म्हणते. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये हीच भूमिका मान्य केली. सर्वसमावेशक, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत मात्र मागचा प्रवासी येतो. जुन्या दुचाकीला ‘फक्त टीपी’ घेऊन हजारभर रुपये वाचवताना आपण मागच्या सीटवरच्या माणसाला उघड्यावर सोडतो आहोत, हे एजंट सांगत नाही.

आता अपघाताचा दिवस. सगळ्यात आधी उपचार, आणि त्यासाठी कुठलंही रुग्णालय जखमीला ‘पोलीस केस आहे’ म्हणून परत पाठवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच हे स्पष्ट सांगितलं. जखमीला उचलून नेणाऱ्या वाटसरूला नाव सांगण्याची किंवा साक्षीला येण्याची सक्ती करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मदतकर्त्याला तसं संरक्षण कायद्यातच दिलं. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. यादीतल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार, चूक कुणाचीही असो. काउंटरवर ‘‘आधी पैसे भरा’’ म्हटलं की या योजनेचं नाव ठामपणे घ्यावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, तेही विचारावं. मेडिक्लेम नवी असली तरी घाबरू नये: पहिल्या तीस दिवसांची प्रतीक्षा आजारांना असते, अपघाताला नसते.

या धावपळीत एक कागद तयार होतो, त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. कॅज्युअल्टीतला डॉक्टर जखमीला, नाहीतर सोबतच्या माणसाला विचारतो, ‘‘काय झालं?’’ सोबतचा घाबरलेला चुलतभाऊ म्हणतो, ‘‘गाडीवरून पडला.’’ डॉक्टर इंग्रजीत लिहितो, ‘फॉल फ्रॉम बाइक’. झालं! ट्रकने मागून ठोकर दिली म्हणून तो पडला, ही अर्धी गोष्ट कागदावर आलीच नाही. दोन वर्षांनी न्यायाधिकरणात विमा कंपनीचे वकील हाच कागद पुढे करतात आणि विचारतात, ‘‘रुग्णालयात तुम्ही स्वतःच पडल्याचं सांगितलं होतं ना?’’ डॉक्टरची त्यात चूक नसते, त्याला जे सांगितलं ते त्याने लिहिलं. म्हणून सोबत गेलेल्याने एवढं एक वाक्य नीट सांगायचं: कुठल्या वाहनाने, कुठे, कशी धडक दिली, नंबर माहीत असला तर तोही. मग ते लिहिलं गेलं का ते वाचून बघायचं, आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवण्याची नोंद झाली का तेही विचारायचं. दाव्यांची कागदपत्रं चाळताना माझी नजर आधी या ओळीकडे जाते. पुढचा सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो.

पोलिसांत फिर्याद लगेच द्यावी. आई-वडील आयसीयूबाहेर बसलेले असताना उशीर होणं स्वाभाविक आहे आणि न्यायालयं ते समजून घेतात. नुसत्या उशिरामुळे दावा फेटाळायचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. पण उशिराचं कारण फिर्यादीतच लिहून घ्यावं. घटनास्थळाचा पंचनामा होण्याआधी गाड्या हलवल्या गेल्या असतील तर मोबाईलवरचे फोटो कामी येतात. जवळच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून पोलिसांना लेखी अर्ज देऊन ते जप्त करायला सांगावं. समोरच्या गाडीचा नंबर हाती असेल तर तिचा विमा चालू होता की नाही, हे एम-परिवहन अ‍ॅपवर दिसतं.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि न्यायाधिकरणाने तोच अर्ज म्हणून घ्यायचा असतो. कल्पना फार चांगली आहे. जखमीने दारोदार फिरण्याऐवजी व्यवस्थेनेच त्याच्याकडे यायचं. प्रत्यक्षात मात्र तपास अधिकाऱ्याकडे विचारपूस करत राहावं लागतं. त्याच १ एप्रिल २०२२ पासून दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदतही आली. आधी कित्येक वर्षं अशी मुदत नव्हती, त्यामुळे गावाकडे अजून ‘‘करू सावकाश’’ म्हणणारे भेटतात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. त्याचं काय व्हायचं ते होवो, आपण सहा महिन्यांच्या आत दावा टाकून मोकळं व्हावं. तो अपघात झाला तिथेच टाकावा लागतो असंही नाही. लातूरचा माणूस पुण्यात जखमी झाला तर लातूरला दावा चालतो.

भरपाई ठरते कशी, हे समजून घेण्याजोगं आहे, कारण इथेच लोकांचं सर्वांत जास्त नुकसान होतं. जखम किती मोठी, यापेक्षा त्या जखमेने कमाई किती बुडाली, हे न्यायाधिकरण मोजतं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा ‘राजकुमार विरुद्ध अजय कुमार’ हा निकाल या विषयातला पायाभूत. त्यात न्यायालयाने दिलेलं उदाहरण असं: डावा हात तुटला तर डॉक्टर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के सांगतील, पण माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाईची ताकद जवळजवळ १०० टक्के गेली. तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. म्हणजे डॉक्टरच्या दाखल्यावरचा टक्का आणि न्यायाधिकरणाने धरायचा टक्का वेगळे.

एक हिशेब मांडून पाहू. बत्तीस वर्षांचा वेल्डर, महिन्याला १८,००० कमावणारा. वर्षाचे २,१६,०००. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा करणारा, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के जोडायचे. ही टक्केवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिली आणि कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यांतही ती धरली जाते. झाले ३,०२,४००. कमाईची ताकद ५० टक्के गेली असं धरलं तर वर्षाचं नुकसान १,५१,२००. मग वयानुसार गुणक. ३१ ते ३५ वर्षांसाठी तो १६ आहे, हे कोष्टक २००९ च्या ‘सरला वर्मा’ निकालातलं. गुणाकार येतो २४,१९,२००. आता त्याच माणसाचा टक्का ५० ऐवजी २० धरला गेला, तर आकडा ९,६७,६८० वर येतो. जखम तीच, खाट तीच, माणूस तोच. साडेचौदा लाखांचा फरक पडला तो पुराव्यामुळे. वेल्डिंगला उकिडवं बसावं लागतं आणि त्याचा गुडघा आता वाकत नाही, हे साध्या शब्दांत साक्षीत यायला हवं. उपचार करणाऱ्या डॉक्टरने येऊन ते सांगायला हवं. ज्याने कधी उपचारच केले नाहीत अशा डॉक्टरकडून विकत आणल्यासारखा दाखला आणला, तर न्यायालय त्याकडे संशयाने बघतं, आणि ते बरोबरच आहे.

या हिशेबाच्या वर उपचारांचा खर्च, औषधं, येण्याजाण्याचं भाडं, सकस आहार, सोबतीला राहणाऱ्याची बुडालेली मजुरी, पुढे रॉड काढायच्या शस्त्रक्रियेचा खर्च, वेदना, आयुष्यातल्या गमावलेल्या गोष्टी असे वेगळे मथळे असतात. मेडिकलच्या दुकानातली बिलं प्रिस्क्रिप्शनसह जपावीत. उन्हाने त्यांची शाई उडते, म्हणून फोटो काढून ठेवावेत. उत्पन्नाचा पुरावा हा आपल्याकडचा खरा दुखरा भाग. गवंडी, भाजीवाली, घरकाम करणाऱ्या मावशी, यांच्याकडे रिटर्न कुठून येणार? काही पुरावा नसला की बऱ्याचदा किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरला जातो. पण बँकेतल्या जमा, यूपीआयचे व्यवहार, मुकादमाची वही, दूध डेअरीची बिलं, बचत गटाच्या कर्जाचे हप्ते, हे सगळं उत्पन्न दाखवतं. गृहिणीचंही तसंच. घरात राबणाऱ्या बाईच्या श्रमाला पैशात किंमत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ठामपणे सांगितलं. ‘‘ती काही करत नव्हती, घरीच असायची’’ असं दाव्यात किंवा जबाबात लिहून देणाऱ्या नवऱ्याला कुणीतरी थांबवायला हवं.

कंपनीकडून हमखास येणारा युक्तिवाद म्हणजे तुमचीही चूक होती. हेल्मेट नव्हतं, लायसन्स नव्हतं, तिघे बसले होते. नियम मोडला हे खरं असेल तर त्याचा दंड वेगळा. भरपाई कापायची तर त्या नियमभंगामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावं लागतं. तिघे बसल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच सांगितलं. हेल्मेटचं मात्र जपून. डोक्याला मार असेल तर हा मुद्दा जड जातो. आणि समोरच्या ड्रायव्हरचं लायसन्स खोटं निघालं तरी जखमीने धीर सोडू नये. अशा प्रकरणांत आधी कंपनीने जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालाने हा मार्ग पक्का केला.

मेडिक्लेममधून खर्च निघाला, आता न्यायाधिकरणात तो मागायचा कसा, असा संकोच अनेकांना वाटतो. कंपन्याही ती रक्कम वजा करा म्हणत आल्या. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निर्णय दिला की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही. ती तुम्ही हप्ता भरून मिळवलेली आहे. आयुर्विम्याबाबत हाच न्याय सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये लावला होता आणि तो खटला आपल्या राज्य परिवहन महामंडळाविरुद्धचा होता. कामावर असताना, म्हणजे कंपनीची गाडी चालवताना वगैरे वाहन अपघात झाला, तर कामगार म्हणून भरपाईचा आणखी एक रस्ता असतो. पण तो आणि न्यायाधिकरण यांपैकी एकच निवडता येतो, दोन्हीकडे जाता येत नाही.

वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर? अशांसाठी सरकारी योजना आहे. तिच्यात १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. आधी हे आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे करायचा आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. महिन्याभरात वाहन सापडलं नाही तर या योजनेची माहिती पोलिसांनी जखमीला लेखी कळवावी, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बजावलं. तसं पत्र आलं नसेल तर पोलीस ठाण्यात जाऊन मागावं.

शेतकरी कुटुंबांसाठी राज्याची एक वेगळी योजना आहे, दिवंगत गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची. त्यांचंही निधन जून २०१४ मध्ये दिल्लीत रस्ता अपघातानेच झालं. तिच्यात नुसता रस्त्यावरचा अपघात नाही. सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, विहिरीत पडणं हेही येतं. मृत्यूला किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याबरोबर कुटुंबातल्या एका सदस्यालाही ती लागू आहे. २०२३ पासून ही विमा कंपनीमार्फत न चालता सरकारी अनुदान म्हणून दिली जाते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, आणि तो पहिल्या महिन्याच्या आतच द्यावा.

तडजोडीला माझा विरोध नाही. घाईतल्या तडजोडीला आहे. गंभीर दुखापतीत चूक सिद्ध न करता अडीच लाख रुपये घेऊन प्रकरण संपवण्याची सोय कायद्यात आहे, पण ती रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. वर ज्या वेल्डरचा हिशेब मांडला, त्याने अडीच लाखांवर सही केली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. लोकअदालतीत दावे लवकर मिटतात, पैसेही लवकर येतात. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून अपंगत्वाचं चित्र स्पष्ट होण्याआधी, म्हणजे हाड जुळून फिजिओथेरपी संपण्याआधी, कुठल्याच आकड्याला हो म्हणू नये.

वकिलाच्या बाबतीतही सावध राहावं. रुग्णालयाच्या आवारात फिरणारे एजंट ‘‘एक पैसा देऊ नका, निकाल लागला की तीस टक्के’’ म्हणत कोऱ्या कागदांवर सह्या घेतात. भरपाईतल्या वाट्यावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. आणि अडवणूक आपल्याच मेडिक्लेम किंवा अपघात पॉलिसीत होत असेल, तर न्यायाधिकरणाचा त्याच्याशी संबंध नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावं. मुंबईत आणि पुण्यात त्याची कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे ऐकल्या जातात, फी नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीने दावा नाकारल्याचं पत्र, पॉलिसीची प्रत आणि डिस्चार्ज कार्ड एवढं सोबत नेलं की अर्ज भरता येतो.